अलार्मवरची पिशवी

मोहरी तडतडली, हिंग पडला, लाल मिरच्या तेलात शिरल्या न शिरल्या तोच घरात काहीतरी किंचाळायला लागलं.

मी हातातला डाव टाकून भिंतीला चिकटलो. लंडनमध्ये उतरून मला जेमतेम तीस तास झाले होते. पोलीस आले असावेत असंच मला वाटलं. काय केलं आपण, हा विचार नंतरचा. आधी हातपाय गार पडले.

"टॉवेल! टॉवेल हलव लगा, बघत काय उभारलाईस!" रणधीर चौगुले न्हाणीघरातून अर्ध्या दाढीवर फेस घेऊन धावत आला. कमरेचा टॉवेल एका हातानं सावरत दुसऱ्या हातानं त्यानं माझ्या खांद्यावरचा नॅपकिन ओढला आणि स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात छताकडे बघत वारा घालू लागला. छताला बशीएवढी पांढरी डबी होती आणि तो सगळा आकांत त्या डबीचा होता.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"धुराचा अलार्म. ह्यास्नी फोडणी म्हंजे आग वाटत्या. हिथं फोडणी द्यायची न्हाई, भावा. उकडायचं आन् खायचं."

तेवढ्यात स्वयंपाकघरासमोरचं, जिन्यामागचं दार उघडलं. डोक्याला जांभळं फडकं गुंडाळलेली, पस्तिशी ओलांडलेली एक काळी बाई दारात उभी राहिली. डोळे लालभडक. तिनं रणधीरचा टॉवेल पाहिला, मला पाहिलं, मग वरच्या डबीकडे पाहिलं.

"चार तास," ती इंग्रजीत म्हणाली. "देवाकडे मी फक्त चार तासांची झोप मागते. एवढंही जास्त होतं का?"

दार लागलं. डबी गप्प झाली. कढईतल्या मिरच्यांचा कोळसा झाला होता.

ती एफुआ. घानातल्या कुमासी शहरातली. आमच्यासारखीच विद्यार्थिनी, पण आम्ही तेविशीतली पोरं आणि ती नऊ वर्षांच्या मुलीची आई. मुलगी आजीजवळ ठेवून ती नर्सिंग शिकायला आली होती. आठवड्यातले काही दिवस वर्ग, काही दिवस रुग्णालयातलं काम, आणि उरलेल्या रात्री एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा. त्यामुळे जगाची दुपार ती तिची रात्र. रणधीर कागलचा. माझ्याआधी वर्षभर आलेला, म्हणून माझ्यापुरता लंडनचा सर्वज्ञ. आणि मी प्रफुल्ल अढाऊ, मुक्काम पोस्ट अकोट, जिल्हा अकोला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर. ईस्ट हॅममधल्या त्या अरुंद घरात आम्ही तिघं राहत होतो. घरमालकाला सगळे 'बॉस' म्हणत. तो दर शनिवारी यायचा, भिंतीवर बोट फिरवून बोटाकडे बघायचा आणि जायचा.

परक्या शहरात माणूस रुळतो म्हणजे काय होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बँकेत खातं काढायला गेलो तर म्हणाले, पत्त्याचा पुरावा आणा. पत्त्याचा पुरावा मागायला गेलो तर म्हणाले, बँकेचा कागद आणा. तीन दिवस मी या दारातून त्या दारात हिंडत होतो. चौथ्या दिवशी एफुआ रात्रपाळी करून आली, तेव्हा मी पायरीवर बसलो होतो. तिनं चौकशी केली. मी सांगितलं.

"चल," ती म्हणाली.

"तुला झोपायचं असेल."

"मी मेल्यावर झोपीन. चल, ब्रदर."

बँकेत तिनं त्या टाय घातलेल्या पोराला असं काही समोर बसवलं की आमच्या अकोटच्या तहसीलमध्येही कुणी कारकुनाला तसं बसवलं नसेल. आवाज चढवला नाही. नुसती जागची हलली नाही. तो दरवेळी 'सॉरी' म्हणायचा आणि ती दरवेळी म्हणायची, "मला सॉरी नको, फॉर्म हवाय." चाळीस मिनिटांनी माझं खातं निघालं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं लावून झोपली. आमचा थांबा आला तरी मी तिला उठवलं नाही. दोन थांबे पुढे गेलो आणि थंडीत चालत मागे आलो. ती हसत होती. "तू माणूस चांगला आहेस, पण अक्कल थोडी कमी आहे," असं म्हणाली. ते तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

त्या शहरात पहिल्यांदा माझं नाव घेऊन मला कुणी हाक मारली ती तिनं. 'प्रफुल्ल' तिला जमायचं नाही, 'प्राफू' म्हणायची. मला तेही गोड वाटायचं.

फोडणीचं मात्र काही जमेना. एक आठवडा मी नुसतं उकडून खाल्लं. शिजवलेली डाळ, मीठ, भात. आईला फोनवर सांगितलं तर ती जवळजवळ रडलीच.

"फोडणीशिवाय वरन? बापा बापा! बाळतिनीचं जेवन जेवून राह्यला तू तिथं?"

"येथं भोंगा वाजते न आई."

"वाजू दे न! वाजला तर वाजला. पोटापेक्षा भोंगा मोठा हाय काय?"

वाजू द्यायलाही माझी हरकत नव्हती. पण डबी बरोबर एफुआच्या दारावर होती. खिडकी उघडावी तर स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी रंगाच्या थरांनी चौकटीला चिकटून बसलेली. बॉसला सांगितलं. तो म्हणाला, "उन्हाळ्यात बघू." मी मंद आचेवर फोडणी देऊन पाहिली, झाकण घालून पाहिली, दार बंद करून पाहिली. दहातल्या आठ वेळा ती डबी आपली ठणाणा करायचीच. आणि दर वेळी ते जिन्यामागचं दार उघडायचं. एफुआ आधी रागवायची, नंतर नुसती बघायची, नंतर नंतर बघायचीही नाही. नुसती हात पुढे करायची, म्हणजे मी वाटीत वरण वाढावं. "निदान कशासाठी उठले ते तरी खाऊ दे," म्हणायची. आमचं लसणाचं वरण तिला भलतंच आवडलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी तिच्या सलग पाच रात्री लागल्या आणि दिवसा परीक्षेचा अभ्यास. पाचव्या दिवशी दुपारी रणधीर अंड्याची पोळी करत होता. डबी वाजली. दार उघडलं. एफुआ बाहेर आली आणि एक शब्द न बोलता बोळात खाली फरशीवर बसली. दोन्ही कानांवर हात, तोंड गुडघ्यांत. डबी बंद झाली तरी ती तशीच. खांदे हलत होते. रणधीर हातात उलथनं घेऊन उभा. मला ते बघवेना. माझी मोठी बहीण सासरहून पहिल्यांदा परत आली तेव्हा अशीच ओसरीवर बसली होती, आणि तेव्हाही मी नुसता उभाच राहिलो होतो.

ती आत गेल्यावर मी खुर्ची आणली.

"काय करायलाईस?"

"हिचं तोंड बंद करतो."

आईनं शेव बांधून दिलेली जाड प्लास्टिकची पिशवी होती. ती धुतली, पुसली. रणधीरनं खुर्ची धरली. मी डबीवर पिशवी चढवली, वरून दोन रबर लावले. मग आम्ही परीक्षा घेतली. सणसणीत फोडणी, आठ मिरच्या. रणधीरला ठसका लागला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, बोळात धूर तरंगायला लागला. डबी गप्प.

"नाद न्हाई करायचा, भावा!" रणधीर म्हणाला.

थोड्या वेळानं एफुआनं दार उघडलं. वास गेला असणार आत. तिनं धूर पाहिला, आणि आवाज का नाही म्हणून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"थँक यू, ब्रदर," ती म्हणाली, आणि आत जाऊन झोपली. संध्याकाळपर्यंत झोपली.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्या परमुलखात माझ्या हातून कुणाचं तरी भलं झालं होतं. पुढचा महिनाभर आमच्या घरात कढी झाली, वांगी झाली, रणधीरनं तांबडा रस्साही केला. एफुआच्या डोळ्यांतली लाली गेली. शनिवारी बॉस यायच्या आत पिशवी काढायची आणि तो गेला की चढवायची, हे काम माझ्याकडे होतं. ते मी न चुकता केलं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी दुपारचा वर्ग रद्द झाला. मी लायब्ररीत तासभर बसलो आणि अडीचच्या सुमाराला घरी निघालो. वळणावर आलो तर आमच्या गल्लीत आगीचे दोन बंब उभे. स्वयंपाकघराच्या बाजूनं काळा धूर वर चढत होता. मागे बॉसचा एक जुना फ्रीझर पडून असायचा. त्याच्या वायरीनं पेट घेतला, हे पुढे कळलं. शेजारची म्हातारी फायरमनला सांगत होती, "घरात कुणी नाही. पोरं आहेत सगळी, कॉलेजात जातात."

"आहे!" मी ओरडलो. कुठल्या भाषेत ओरडलो ते मला आजही आठवत नाही. धावत गेलो आणि त्या माणसाचा दंडच धरला. "बाई आहे! जिन्यामागच्या खोलीत! झोपली आहे!"

तोंडावर मुखवटे चढवून दोघं आत गेले. मी मोजत नव्हतो, पण ती चार मिनिटं होती असं नंतर सांगितलं गेलं. तिला उचलून आणलं तेव्हा डोक्याचं जांभळं फडकं सुटून लोंबत होतं. नाकपुड्यांभोवती काजळी. पायात लोकरीचे मोजे होते, एकाच पायात. तोंडावर मुखवटा लावला आणि रुग्णवाहिका गेली.

रणधीर अर्ध्या तासानं पोचला. आम्ही बंबवाल्यांनी बांधलेल्या दोरीबाहेर उभे होतो. तो माझ्या कानाशी आला.

"पिशवी?"

"वरच हाय."

त्यानं डोळे मिटले. "गप ऱ्हायचं. कुणी इचारलं तर म्हाईत न्हाई. कळलं का?"

"अरे पण..."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, भावा. कॉलेज काढून टाकंल, व्हिसा जाईल, दोघंबी घरी. ती वाचली न्हवं? तू वाचवलीस. तेवढं ध्यानात ठेव."

त्याच्या ओळखीच्या एकाकडे आम्ही पथारी टाकली. दोन दिवसांत ओळखीच्या सगळ्या मराठी पोरांना ही गोष्ट रणधीरकडून आणि त्यांच्याकडून गावाकडे कळली, आणि त्याच्या गोष्टीत मी दोनदा आगीत शिरलो होतो. चौथ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. बाबा स्वतःहून कधी फोन करत नसत.

"पेपरात आलं बापा तुझं नाव! ऐक, वाचतो. 'अकोटच्या युवकाने लंडनमध्ये वाचविले महिलेचे प्राण.' फोटोबी हाय. चौकात पोट्टे फ्लेक्स लावून राह्यले. शाळेत मले आज सगळ्या मास्तरांनी हार घातला, काय सांगू तुले!"

"बाबा, तसं नाही झालं..."

"राहू दे, राहू दे. आपल्या तोंडानं सांगू नये, हे बी बरोबर हाय. पन मी आज लय खुश हाय, प्रफुल्ल."

बाबांनी मला 'प्रफुल्ल' म्हणावं असा प्रसंग माझ्या आयुष्यात तोवर आला नव्हता. घरी मी 'बारक्या' होतो. मी फोन ठेवला, आणि माझ्यापुरता त्या घटकेला निकाल लागला होता. पण तेव्हा ते मला कळलं नाही. अजून वेळ आहे, असंच मी स्वतःला सांगत राहिलो.

पाचव्या दिवशी अग्निशमन दलाची एक अधिकारी बाई आली. पन्नाशीची, करडे केस, शाळेतल्या बाईंसारखी. तिनं आधी माझा हात हातात घेतला.

"आणखी तीन मिनिटं गेली असती तर ती नसती," ती म्हणाली. "तू ओरडलास म्हणून ती आहे."

मग तिनं एक फोटो समोर ठेवला. काळी पडलेली डबी आणि तिला वितळून चिकटलेलं प्लास्टिक.

"हे कुणी लावलं?"

मी फोटोकडे बघत राहिलो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला रणधीर बुटाची नाडी बांधत होता. एका बुटाला किती वेळ लागावा!

"माहीत नाही," मी म्हणालो.

"तुला दिसलं नव्हतं?"

"मी वर बघत नाही कधी."

तिनं लिहून घेतलं. रणधीरनंही तेच सांगितलं. जाताना ती म्हणाली, "घरमालक म्हणतो, भाडेकरूंनी केलं. असेल. फ्रीझरबद्दल त्यालाही सुटका नाही. पण ही डबी वाजली असती तर ती बाई स्वतःच्या पायांनी बाहेर आली असती. म्हणून मला हे लिहिल्याशिवाय कागद बंद करता येणार नाही. ती बोलू लागली की तिला विचारीन."

त्या दिवसापासून मी रोज रुग्णालयात जाऊ लागलो. काळजीनं जात होतो, हे खरं. ती शुद्धीवर आली की त्या बाईच्या आधी मी तिला गाठावं म्हणून जात होतो, हेही तितकंच खरं. गाठून काय सांगणार होतो? 'मी कबूल करतो' हे, की 'माझं नाव घेऊ नकोस' हे? देवाशपथ, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खुर्चीवर बसून मी दोन्ही वाक्यं इंग्रजीत जुळवत असे.

ती काचेच्या पलीकडे होती, घशात नळी. नवव्या दिवशी नळी काढून तिला साध्या वॉर्डात आणलं. आवाज पूर्ण गेला होता. डॉक्टरांनी बोलायचंच नाही म्हणून सांगितलं होतं. मी गेलो तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. मला पाहून तिनं वाटीसाठी पुढे करायची तसा हात पुढे केला. वरण वाढ, अशी थट्टा. मी तो हात धरला आणि मला रडू फुटलं.

"एफुआ," मी म्हणालो, "एक गोष्ट आहे..."

पडदा सरकला. करड्या केसांची अधिकारी बाई आत आली. "अरे वा, तूही आहेस. बरं झालं. ओळखीचं माणूस जवळ असलं की बरं."

तिनं खुर्ची ओढली. फोटो काढला. "बोलू नकोस. फक्त मान हलव. हे कुणी लावलं, तुला माहीत आहे?"

एफुआनं फोटो पाहिला. मान हलवली. हो.

"घरातल्याच कुणी?"

हो.

माझा हात अजून तिच्या हातात होता. तो घामानं भिजला होता आणि तिला ते कळत असणार.

"रणधीर?"

नाही.

आणि मग एफुआनं मान वळवली. फोटोकडे नाही, त्या बाईकडे नाही. माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. विनवणीही नव्हती. बँकेत त्या टायवाल्या पोरासमोर ती जशी बसली होती, तशी ती बघत होती. न हलता. हवं ते मिळाल्याशिवाय जायचं नाही, अशी.

"वेळ घे," अधिकारी बाई म्हणाली. तिला वाटलं, एफुआ माझ्याकडे धीर मागते आहे. "घाई नाही. मित्र आहे जवळ."

मी खाली पाहिलं. फरशीवर चहाचा एक थेंब सुकला होता. त्याच्या कडा गडद होत्या. मी त्या थेंबाकडे बघत राहिलो. घशापर्यंत शब्द आले होते, दोनच शब्द होते, आणि मी बाबांचा आवाज ऐकत होतो. शेजारच्या खाटेवरची म्हातारी खोकली. कुणीतरी गाडी ढकलत गेलं. मी थेंबाकडेच बघत होतो.

माझ्या हातातला हात निघाला. वर पाहिलं तेव्हा एफुआनं तो स्वतःच्या छातीवर ठेवला होता.

"तू?" अधिकारी बाई म्हणाली. "तू स्वतः?"

एफुआनं मान हलवली.

"झोपेसाठी?"

हो.

त्या बाईनं सुस्कारा सोडला. लिहिलं. एफुआच्या पायावर पांघरुणावरूनच थोपटलं आणि गेली. एफुआनं डोळे मिटून घेतले. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग मीही गेलो. खाली उपाहारगृहात जाऊन मी ताट घेतलं. बटाटे, वाटाणे, काय काय होतं. ते संपवलं, आणि दुसरं घेतलं. लाज नंतर आली. आधी भूक लागली. नऊ दिवसांनी मला भूक लागली होती.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. आता मला इथले कायदे कळतात. मी तोंड उघडलं असतं तर मला फार फार तर ताकीदपत्र मिळालं असतं, कॉलेजनं बोलावून चार शब्द सुनावले असते. माझ्यासारख्या व्यवस्थापन शिकणाऱ्या पोरानं अलार्मवर पिशवी लावली, याचं कुणाला काय होतं? पण ती नर्स होणार होती. माणसांच्या जिवाची जबाबदारी घेणार होती. अशा बाईनं धुराचा अलार्म झाकून ठेवावा? तिच्या विद्यापीठानं समिती बसवली. वृद्धाश्रमानं काम काढून घेतलं. फुप्फुसं अधू झाली होती, त्यामुळे रुग्णालयातले तास बुडाले ते बुडालेच. समितीसमोर ती एकटी गेली. मी आदल्या दिवशी तिला म्हणालो होतो, "मी येऊ का?" 'बरोबर येऊ का' म्हणालो होतो मी. 'सांगायला येऊ का' असं नव्हे. फरक तिला कळला. ती म्हणाली, "नको, थंडी आहे."

समितीनं तिचं नाव कमी केलं. नाव गेलं की व्हिसा गेला.

फेब्रुवारीत ती निघाली. रणधीर आला नाही, त्याला काम होतं म्हणे. मीच तिच्या बॅगा घेऊन विमानतळापर्यंत गेलो. दोन मोठ्या बॅगा, एकीत मुलीसाठी घेतलेले कपडे. मुलीला तिनं सांगितलं होतं की आई सुट्टीवर येते आहे. सगळा रस्ता ती गुणगुणत होती. आवाज परत आला होता, पण घोगरा. पूर्वीचा नाही.

काउंटरच्या रांगेत आम्ही उभे राहिलो. आमच्यापुढे पाचसहा माणसं होती.

"प्राफू," ती म्हणाली, "तुला एक सांगायचं आहे. तू मनाला लावून घेशील म्हणून इतके दिवस बोलले नाही."

मी बॅगेचा पट्टा घट्ट केला.

"वृद्धाश्रमात आम्हाला दरवर्षी शिकवतात. आग, धूर, अलार्म, सगळं. ती डबी कशासाठी असते ते मला पक्कं माहीत होतं. तुला नव्हतं. तुला ते फक्त आवाज करणारं काहीतरी वाटत होतं. त्या दिवशी मी वर पाहिलं, सगळं कळून थँक यू म्हणाले आणि तिच्याखाली झोपले. महिनाभर झोपले. म्हणून मी छातीवर हात ठेवला. खोटं नाही बोलले मी."

रांग एक पाऊल पुढे सरकली. आम्ही बॅगा पुढे ढकलल्या.

"पण त्याआधी मी तुझी वाट पाहिली, ब्रदर," ती म्हणाली. "बराच वेळ पाहिली."

ती माझ्याकडे बघत होती. अजूनही बघतच होती. आमच्यापुढे चार माणसं होती, मागे कुणी नव्हतं, तिथं कुणी लिहून घेणारं नव्हतं, माझं काही जाणार नव्हतं. चार शब्द बोलायला जगात त्याहून सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती.

"बॅगेचं वजन तेवीस किलोच्या आत आहे ना?" मी विचारलं.

"आहे," एफुआ म्हणाली.